झंझ राजा नक्की कोण होता? (बारा नद्या, बारा देवळं आणि रतनवाडीचा चहा)

पायपीट
मागच्या शनिवारी रतनवाडीला गेलो होतो. रतनगड करायचा होता पण झाला नाही (धो धो पाऊस आणि सोबत मेहुणा, दोष कुणाला द्यायचा ते तुम्हीच ठरवा), म्हणून अमृतेश्वराच्या देवळातच तीन तास काढले. गाभाऱ्यात गुडघाभर पाणी साचलेलं, पिंड पाण्याखाली. आमच्याबरोबर गावातला एक कॉलेजचा मुलगा होता गाईड म्हणून, तो पाण्यात उभा राहून एकदम पाठ केल्यासारखं म्हणाला की हे देऊळ शिलाहार राजा झंझ याने बांधलं, त्याने सह्याद्रीतल्या बारा नद्यांच्या उगमांवर बारा शिवमंदिरं बांधली, हे प्रवरेचं.

बाहेर आलो, शेजारच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवरच्या आजी म्हणाल्या, "पांडवांनी बांधलं रे बाबा, एका रात्रीत. कोंबडा आरवला म्हणून तेवढं राहिलं." काय राहिलं ते मात्र सांगेनात.

तर प्रश्न असा: हा झंझ कोण? खरंच होता का? घरी येऊन शोधलं तर पंचवीस ठिकाणी तेच एक वाक्य सापडलं, बहुतेक सगळ्यांनी एकमेकांचं ढापलेलं. राजाचं पुढचं मागचं काहीच नाही. इथे जाणकार आहेत म्हणून धागा काढतोय.

मिसळ_स्लाईस
झंझ? मला वाटलं गणपतीतलं पथक.

डोंगरवेडा
यादी घ्या. त्र्यंबक (गोदावरी), रतनवाडीचा अमृतेश्वर (प्रवरा), हरिश्चंद्रगड (मंगळगंगा, ती पुढे मुळेला मिळते), खिरेश्वरचा नागेश्वर (पुष्पावती), पूरचा कुकडेश्वर (कुकडी), पारुंड्याचा ब्रह्मनाथ (मीना), वचप्याचा सिद्धेश्वर (घोड), भीमाशंकर (भीमा). बाकीची चार इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला, ती प्रत्येक यादीत वेगळी असतात. यातली सहा माझी पाहून झालीत. खिरेश्वरच्या नागेश्वराचं छत उताणं झोपून बघा, मान मोडून बघण्यात अर्थ नाही, आम्ही कॅरिमॅट अंथरून अर्धा तास पडलो होतो. तोलार खिंडीतून गड चढायच्या आधी लोक तिथे फक्त बूट घट्ट करायला थांबतात, याचं फार वाईट वाटतं.

शंकेखोर
यादी छान. पण यातलं कुठलं झंझानं बांधलं याचा पुरावा? यादी म्हणजे पुरावा नव्हे. वाण्याकडे आम्ही पण यादी देतो, सगळं घरी येतंच असं नाही.

ताम्रपटवाला
धागा बघून राहवलं नाही. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

झंझ खरा होता, याबद्दल शंका नको. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी. हे घराणं साधारण इ.स. ८००च्या आसपास राष्ट्रकूटांचं मांडलिक म्हणून कोकणात बसलं, पहिला माणूस कपर्दी. पुढे पुल्लशक्ती, मग दुसरा कपर्दी (या दोघांच्या काळचे लेख कान्हेरीच्या लेण्यात आहेत), मग वप्पुवन्न आणि त्याचा मुलगा आपला झंझ. त्याच्यानंतर भाऊ गोग्गि. झंझाचा काळ ढोबळ मानाने इ.स. ९१० ते ९३०. राज्य म्हणजे पुरी-कोकण, ताम्रपटात त्याला चौदाशे गावांचा देश म्हणतात, आजचा ठाणे-रायगड आणि आजूबाजूचा पट्टा.

आता गंमत अशी की झंझाचा स्वतःचा एकही लेख मिळालेला नाही. ना शिलालेख, ना ताम्रपट. त्याच्याबद्दल जे आहे ते दोन जागी. एक म्हणजे त्याच्या वारसांच्या ताम्रपटातली वंशावळ, त्यात त्याच्या वाट्याला एक श्लोक. भांडुपला सापडलेला छित्तराजाचा ताम्रपट शके ९४८ म्हणजे इ.स. १०२६चा, तेव्हा झंझ जाऊन शंभरेक वर्षं झाली होती. श्लोकाचा अर्थ असा की याने शंभूची बारा "कीर्तनं" स्वतःच्या नावाने उभारली, भक्तांना स्वर्गात चढून जायला जणू पायऱ्याच.

बास. नदी नाही, उगम नाही, सह्याद्री नाही. सगळी दंतकथा त्या "बारा" शब्दावर उभी आहे.

दुसरा पुरावा एका अरब प्रवाशाचा, तो रात्री टंकतो, आत्ता हाफिसात आहे.

मिसळ_स्लाईस
बारा कीर्तनं? म्हणजे राजा बुवा होता??

ताम्रपटवाला
हसू नका, प्रश्न बरोबर आहे :) जुन्या लेखांत कीर्तन म्हणजे कीर्ती राहील असं बांधकाम, बहुतेक वेळा देऊळच. वेरूळच्या कैलासाबद्दल बडोद्याच्या ताम्रपटात जे आलंय तिथेही हाच शब्द आहे. टाळ-चिपळ्या नंतर आल्या.

न्यूजर्सीकाकू
काय सुंदर माहिती! पहाटे उठून वाचतेय. आमच्याकडे दोनशे वर्षांच्या घराला लोक जुनं म्हणून तिकीट लावतात हो.

शंकेखोर
ताम्रपटवाले, "स्वतःच्या नावाने" हे महत्त्वाचं नाही का? राजे लोक स्वतःच्या नावाने देऊळ बांधायचे म्हणजे देवाच्या नावात स्वतःचं नाव घालायचे. मग बारा झंझेश्वर पाहिजेत. वरच्या यादीत अमृतेश्वर आहे, नागेश्वर आहे, कुकडेश्वर आहे, झंझेश्वर एकही नाही. बारापैकी बाराची नावं बदलली?

ठाणेकरीण
+१ शंकेखोर. आणि मला न कळणारी गोष्ट अशी की राजा आमचा, राज्य ठाण्याचं, आणि देवळं सगळी घाटावर? बारातलं एकही खाली कोकणात नाही? आमच्या कौपिनेश्वराला नको का एक तरी? ठाण्यात साठ देवळं आणि साठ तळी होती असं लहानपणापासून ऐकत आलेय, मासुंदा तलावाला फेऱ्या मारताना बाबा सांगायचे, त्यात हा झंझ कधी आला नाही.

रेवदंड्याचा_नातू
ठाण्यात साठ? आमच्या चौलात तीनशे साठ देवळं आणि तीनशे साठ तळी. रोज नव्या तळ्यावर आंघोळ आणि नव्या देवाला नमस्कार, असं आजी सांगायची. आम्ही मोजायला बसलो तर पंधराच्या पुढे गाडी गेली नाही, मग भूक लागली.

शंकेखोर
थांबा थांबा. झंझाची बारा, ठाण्याची साठ, चौलची तीनशे साठ. महिने बारा, संवत्सरं साठ, दिवस तीनशे साठ. हे देवळांचे आकडे नाहीत हो, पंचांग आहे!

मिसळ_स्लाईस
हसून हसून पुरेवाट. शंकेखोर यांना यंदाच्या दाते पंचांगाची एक प्रत माझ्याकडून.

कोरीवकाम
गमतीचा भाग सोडून माझ्या विषयाचं थोडं. मी मंदिरांची मोजमापं घेण्याचं काम करते त्यामुळे अमृतेश्वरात बऱ्याचदा जाणं झालंय.

अमृतेश्वराचं शिखर भूमिज पद्धतीचं आहे. म्हणजे कसं, तर शिखराच्या चारही बाजूंना मधोमध वरपर्यंत गेलेला एक उभा पट्टा असतो, त्याला लता म्हणतात, आणि दोन लतांच्या मधल्या कोनात छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी, एकावर एक, वर जाताना लहान होत जाणाऱ्या. माळेत मणी ओवावेत तशा. अंबरनाथला हेच आहे, पण वरचा भाग पडलेला. सिन्नरच्या गोंदेश्वराला हेच, तिथे पूर्ण दिसतं. ही पद्धत माळव्याकडून आली आणि आपल्याकडे ११व्या शतकात रुजली. अंबरनाथच्या देवळात शिलाहारांच्याच मुम्मुणी राजाच्या काळचा शके ९८२ म्हणजे इ.स. १०६०चा लेख आहे, त्यामुळे आपल्या हातात एक पक्की तारीख आहे. अमृतेश्वर त्या सुमाराचं किंवा थोडं नंतरचं मानतात. झंझ गेला तो ९३०च्या आगेमागे. शंभर वर्षांचा तरी फरक आहे. राजाला भविष्य दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि यादीतल्या त्र्यंबकची आजची इमारत नानासाहेब पेशव्यांच्या काळात सुरू झालेली, भीमाशंकरच्या शिखराशी नाना फडणवीसांचं नाव जोडलेलं. जुन्या देवळाच्या जागी नवं बांधलं असेल हे मान्य, पण मग झंझाचं काय उरलं? जागा.

बाय द वे पायपीट, अमृतेश्वरात तुम्ही कुठल्या बाजूने आत गेलात? तिथे दोन्हीकडून आत जाता येतं, एका बाजूला मंडप आणि मागच्या बाजूने थेट गाभाऱ्यात. आणि जवळची पुष्करणी पाहिली का? कोनाड्यांमध्ये मूर्ती आहेत, लोक तिथे फक्त पाय धुतात.

पायपीट
पाहिली पण तिथे मेहुण्याने पायच धुतले :( मागच्या बाजूने गेलो होतो बहुतेक, पाण्याकडे लक्ष होतं.

डोंगरवेडा
कोरीवकाम ताई, तुमचं मान्य, पण देवळं पाडून-वाढवून दोनदा तीनदा बांधली जातात की. मूळ १०व्या शतकातलं छोटं असेल, नंतर यादवांच्या काळात मोठं झालं असेल. आणि ठाणेकरीण, कोकणचा राजा घाटावर देऊळ का बांधेल म्हणता तर घाटवाटा बघा ना. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल नाणेघाटातून जुन्नरला जायचा, सातवाहनांपासून. माळशेज, साकुर्ली, सगळ्या वाटा वर जातात. ज्याची बंदरं त्याचा त्या वाटांशी संबंध येणारच. वाटेच्या वरच्या टोकाला देऊळ बांधणं म्हणजे आजच्या भाषेत हायवेवर धर्मशाळा. वरचा मालक पण एकच, राष्ट्रकूट. मांडलिकाने शेजारच्या मांडलिकाच्या हद्दीत देवाला दिलं तर कोण भांडणार?

ताम्रपटवाला
डोंगरवेडा, कल्पना चांगली आहे, पण कल्पनाच. "असेल" हा शब्द तुमच्या प्रतिसादात मोजा. घाटावर पुढे यादवांचं चांगलंच बस्तान होतं, सिन्नर-नाशिकची बाजू त्यांची, त्या देवळांसाठी त्यांच्याकडे बघणं जास्त सरळ आहे. झंझाची हद्द तर खुद्द कोकणातही पूर्ण नव्हती. डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेला ताम्रपट वाचा, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६, झंझाच्या काळातलाच. त्यात संजाणच्या मंडलावर राष्ट्रकूटांतर्फे कोण राज्य करतोय? मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे अरबांकडचा मुसलमान. मधुमती हे मुहम्मदचं संस्कृत, बापाचं नाव सहियारहार, ते शहरयार. त्याने दोन नद्यांवर फुकट होडी ठेवली आणि अन्नछत्र काढलं, भात, कालवण आणि तूप. आणि हा ताम्रपट मठाला दिलेल्या दानाचा आहे. म्हणजे झंझाचा उत्तरेचा शेजारी हा.

आता अरब प्रवासी. अल मसूदी, बगदादचा. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ला, तो सैमूरला आला. सैमूर म्हणजे आपलं चौल, लेखात चेमुल्य येतं ते. तो लिहितो की हा प्रदेश बल्हाराच्या राज्यात आहे (बल्हारा म्हणजे वल्लभराय, राष्ट्रकूट सम्राट, तेव्हा तिसरा इंद्र) आणि इथल्या राजाचं नाव जांजा. अरबीत झ नाही, म्हणून जांजा. शहरात दहा हजार मुसलमान आहेत, कोणी सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, इथेच लग्नं करून स्थायिक झालेले. इथेच जन्मलेल्यांना बयासिरा म्हणतात. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एकजण राजाने नेमलेला, त्या पदाला हुनरमन म्हणत. सैमूर, सुबारा (सोपारा) आणि ताना (ठाणे) इथली भाषा लारिया आणि बल्हाराच्या राजधानीची किरिया, म्हणजे कानडी, असंही त्याने टिपलंय.

एकच नाव, पण स्वतः येऊन गेलेल्या माणसाने लिहिलेलं. त्याच्यामुळे झंझाची तारीख नक्की करता येते. त्याच्याच घराण्याने त्याची तारीख दिली नाही, ती दिली परक्याने.

न्यूजर्सीकाकू
म्हणजे परदेशात जाऊन तिथेच लग्न करून मुलं होणं, मग मुलांना वेगळं नाव ठेवणं, हे सगळं तेव्हाही होतं तर. आमच्याकडे बयासिराला एबीसीडी म्हणतात (अमेरिकन बॉर्न कन्फ्यूज्ड देसी).

मिसळ_स्लाईस
काकू, सिक्सर!

रेवदंड्याचा_नातू
ताम्रपटवाले, चौलचं वाचून अंगावर काटा आला. दहा हजार! आता आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी पण एवढी गर्दी होत नाही, आणि होते ती समुद्रावर, गावात कुणी येत नाही. खाडी गाळानं भरलीय, सगळीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. वाडीत आळं करायला खणलं की खापरं निघतात. लहानपणी आम्ही निळसर काचेसारखी झिलई असलेले तुकडे गोळा करायचो, ठिकरी खेळायला. आजोबांना विचारलं तर म्हणायचे "फिरंग्यांचं". आम्हाला जुनं म्हटलं की पोर्तुगीजच. आता विचार येतो की त्यातलं एखादं बसऱ्याचं तर नसेल?

कोरीवकाम
ठिकरी खेळायला!!! अहो नातू, डोळ्यात पाणी आलं. निळसर-हिरवी झिलई आखातातून आलेल्या भांड्यांना असते, फोटो टाका. आणि यापुढे मिळालं तर उचलू नका, जागेवर फोटो काढा आणि पुरातत्त्ववाल्यांना कळवा.

रेवदंड्याचा_नातू
ती ठिकरी कधीच विहिरीत गेली ताई.

ठाणेकरीण
मसूदीने अजून काय बघितलं? राजाला भेटला का?

ताम्रपटवाला
भेटल्याचं लिहीत नाही. पण एक प्रसंग लिहिलाय तो जरा भयंकर आहे, कच्च्या दिलाच्या लोकांनी पुढचा प्रतिसाद गाठावा. स्वतःला जाळून घेणाऱ्या एका तरुणाची तो गोष्ट सांगतो. आधी बाजारातून मिरवणूक, डोक्यावर निखारे, गंधक आणि राळ, डोक्याची कातडी जळतेय, वास सुटलाय, आणि हा गडी विड्याचं पान चघळत शांतपणे चाललाय. मसूदीच्या लक्षात काय राहिलं तर ते पान. पुढचं मी टंकत नाही.

मिसळ_स्लाईस
जेवताना वाचलं. चूक माझीच.

शंकेखोर
बरं हे सगळं ऐकल्यावर मूळ प्रश्न तसाच राहतो. बारा नद्यांची गोष्ट आली कुठून? ताम्रपटात नाही, मसूदीत नाही.

जुन्नरी
इतके दिवस नुसता वाचत होतो, आता लिहायलाच पाहिजे कारण यादीतली तीन देवळं आमच्या तालुक्यातली. माझं गाव कुकडीच्या काठी. माझे आजोबा गेले तेव्हा नव्वदीचे होते, देवळांच्या गोष्टी सांगण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, कुकडेश्वराची जत्रा त्यांनी एकही चुकवली नाही. त्यांच्या तोंडून पांडव ऐकले, हेमाडपंत ऐकला, "यवनांनी फोडलं" ऐकलं, झंझ कधीच ऐकला नाही. मी झंझ पहिल्यांदा ऐकला तो पुण्याहून आलेल्या ट्रेकरकडून, साधारण वीस वर्षांपूर्वी. त्याच्या हातात झेरॉक्स होतं. आता आमच्याच गावची पोरं ती गोष्ट ट्रेकरला सांगतात. आपणच दिलेली उसनी साखर परत आपल्याच चहात.

आणि उगमांचं म्हणाल तर कुकडी पूरच्या बाजूला उगम पावते हे खरं, पण पारुंड्याला कुठला उगम? मीना पश्चिमेला डोंगरात उगम पावते, पारुंडं कितीतरी अलीकडे. वचप्याचं देऊळ तर डिंभे धरणाच्या पाण्यात जातं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं. आमच्या मावशीचं सासर त्या बाजूचं. ती म्हणायची, पाणी उतरलं की बायका आधी देवाला भेटून येतात आणि मग आपल्या जुन्या घराचा चौथरा शोधतात. तिथल्या कुणाला झंझ विचाराल तर हाकलून देतील.

पायपीट
जुन्नरी, हा प्रतिसाद वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

डोंगरवेडा
जुन्नरी भाऊ, झेरॉक्सवाल्यांपैकी मी पण एक असेन, १९९८-९९ला आम्ही त्या भागात असंच वाटत फिरायचो. माफी. पण मला अजूनही वाटतं की कुणीतरी अभ्यासकाने ताम्रपटातली बारा आणि डोंगरातली जुनी देवळं यांची सांगड "कदाचित" म्हणून घातली असणार आणि आम्ही तो कदाचित खाऊन टाकला. ओझं कमी करायचं म्हणून ट्रेकर पहिलं काय टाकतो? तेच.

समुद्रमंथन
एक शंका. जंजिरा हे नाव झंझावरून आलं असेल का? झंझ-जंझ-जंजिरा? राजपुरी जवळच आहे आणि शिलाहारांची राजधानी पुरी.

ताम्रपटवाला
नाही हो. जंजिरा अरबी जझीरा, म्हणजे बेट. पुरी कुठली यावर मात्र विद्वानांत जुनं भांडण आहे, कोणी घारापुरी म्हणतं, कोणी राजपुरी. त्यासाठी वेगळा धागा काढा, हा दोनशेला पोचेल.

समुद्रमंथन
ओके. पण झंझावरून झंझावात?

शंकेखोर
आणि झंझट.

मिसळ_स्लाईस
हे मात्र पटतं.

ठाणेकरीण
अवांतर झालं पण विचारून घेते, ही नावं अशी कशी? कपर्दी ठीक आहे, शंकराचं नाव. पण वप्पुवन्न, झंझ, गोग्गि, वज्जड? मुलाचं नाव गोग्गि कोण ठेवतं?

ताम्रपटवाला
घराण्याचं वळण कानडी आहे. स्वतःला "तगरपुरपरमेश्वर" म्हणवायचे, म्हणजे मूळ तगर, आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. कूळकथा मात्र एकदम संस्कृत: विद्याधर जीमूतवाहन, त्याने नागाला वाचवायला स्वतःला शिळेवर गरुडापुढे ठेवलं, गरुडाचा शिळेवरचा आहार म्हणून शिलाहार. झेंड्यावर सोन्याचा गरुड. ज्याने पूर्वजाला खाल्लं तोच झेंड्यावर, हे मला नेहमी मजेशीर वाटतं.

कोरीवकाम
म्हणजे ज्यांच्या स्वतःच्या नावाचा अर्थच अशी जुळवून केलेली गोष्ट आहे, त्यांच्या एका राजाच्या नावावर आपण अजून एक जुळवली. परंपरा चालू आहे म्हणायचं.

बाय द वे, ठाणेकरीण यांचा प्रश्न मला सगळ्यात जास्त पटला. बारा देवळं शोधायची तर मी खाली शोधेन, ठाणे, चौल, सोपारा या पट्ट्यात. तिथे हजार वर्षांत इतकी उलथापालथ झाली की देवळांचे दगड बांधात, विहिरीत, किल्ल्याच्या भिंतीत गेले. घाटावरची उभी राहिली म्हणून त्यांना नाव मिळालं. उभी असलेली देवळं आणि बेवारस श्लोक, लग्न लावून दिलं कुणीतरी.

ठाणेकरीण
सोसायटीचं खोदकाम सुरू आहे आमच्याकडे, जाऊन बघते :) (बिल्डर आत सोडत नाही. मागे शेजारच्या प्लॉटवर कोरीव दगड निघाला म्हणे, दुसऱ्या दिवशी गायब.)

पायपीट
धागाकर्ता म्हणून अपडेट देतो. काल त्या गाईड मुलाला फोन केला. सगळं सांगितलं: झंझ खरा, श्लोक खरा, चौलचा अरब खरा, पण नद्यांचं काही खरं नाही आणि तुझं देऊळ बहुधा त्याच्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी बांधलेलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. पानवाला गडी त्याला फार आवडला, दोनदा विचारलं. मग म्हणाला, "सर, ते ठीक आहे, पण रविवारी पुण्याचा पंचवीस जणांचा ग्रुप आहे. त्यांना काय सांगू? ते झंझच वाचून येतात. नाही म्हटलं तर म्हणतील याला काही माहीत नाही."

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगा.

जुन्नरी
त्याला सांगा, आधी आजींच्या टपरीवर घेऊन जा, मग देवळात. पांडव पहिले, झंझ दुसरा, आणि कोरीवकाम ताईंचं शिखर तिसरं. आजींचा चहा पण खपेल.

मिसळ_स्लाईस
पांडवांवरच थांबा. एका रात्रीत बांधलं म्हटलं की टेंडर कुणी विचारत नाही.

कोरीवकाम
पायपीट, त्या मुलाचा रविवार झाला की कळवा. आणि त्याला म्हणावं पुष्करणीत कुणाला पाय धुऊ देऊ नको.

पायपीट
मेहुण्याला पण टॅग करतो.